गोदामातलं पाळणाघर

जळगावच्या गिरणीत मला ठेवलं तेव्हा मॅनेजरसाहेबांनी माझं काम एका वाक्यात सांगितलं. "बायकांच्या घरच्या कटकटी तुम्ही ऐकायच्या, आणि ज्यावर आपल्याकडे काही सोय आहे, तिकडे त्यांना पाठवायचं." सोयी तशा होत्या. दवाखाना होता, पतपेढी होती, लढाई सुरू झाल्यावर स्वस्त धान्याचं दुकान निघालं होतं, आणि नवं पाळणाघर होतं. मला टेबल-खुर्ची दिली, वर 'वेल्फेअर' अशी पाटी लावली. त्या टेबलापाशी पहिल्या महिन्यात दोन माणसं आली. एक चुकून आला होता. दुसरा खुर्ची दुरुस्त करायला.

मी धुळ्याची. सुईणकाम शिकले होते, विधवा होते, मूलबाळ नव्हतं. बायका तोंडाने सांगतात ते आणि त्यांना सांगायचं असतं ते यातलं अंतर मला माहीत होतं. डोकं दुखतं म्हणणारीचं डोकं क्वचितच दुखत असतं. टेबलापाशी येणारी बाई सगळ्या खात्याला दिसते, मग कोण येईल? म्हणून मी टेबल सोडलं आणि मधल्या सुट्टीत माझी भाकरी घेऊन पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बसू लागले. तिथे सगळ्याच येतात. तिथे बोललेलं कोणी लक्षात ठेवत नाही. आणखी एक गोष्ट मला लवकर समजली. अमुक ठिकाणी जा म्हणून सांगितलं तर कोणी जात नाही. सोबत चालत जावं लागतं. दवाखान्याच्या पायरीपर्यंत, कधी आत डॉक्टरच्या टेबलापर्यंत. एवढं केलं की बाकीचं आपोआप होत असे.

पाळणाघराचं मात्र होत नव्हतं.

पाळणाघर गिरणीच्या मागच्या बाजूला, निंबाखालच्या जुन्या गोदामात होतं. जाड भिंती, वर सागाच्या तुळया. बाहेर उन्हाने डोळे दिपत असताना आत गारवा. जागा उत्तम होती. मी तुळयांना कड्या मारून घेतल्या, पाळणे टांगले, एक आया नेमली. रीळखात्यात, म्हणजे सूत रिळांवर गुंडाळायच्या खात्यात, बायकाच बायका, आणि त्यातल्या कितीतरी लेकुरवाळ्या. पोरं घरी ठेवून येत. घरी कोणी नसलं तर शेजारच्या म्हातारीकडे. आणि सगळ्यांना सकाळीच बाळगोळी चाटवत. ती अफूची. पोर दिवसभर पडून राहतं, आईची कामाची पाळी भरते, कुणाला त्रास नाही. मी धुळ्यातही ही पोरं पाहिली होती. रडत नाहीत, पीत नाहीत, म्हाताऱ्यासारखी दिसतात.

पाळणे रिकामे का, असं विचारलं की बायका हसून दुसरीकडे बघत. शेवटी चौकीदाराने सांगितलं. "तिथं पोर रडतं, बाई. दुपारचं. सगळ्यांना माहीत आहे."

मी पारवे असतील म्हणाले. झरोक्यांना जाळी मारली. मग मला वाटलं, खोली अंधारी आहे, जुनी आहे, म्हणून लोक घाबरतात. ती स्वच्छ, पांढरी केली की भीती जाईल. रविवारच्या सुट्टीत चुना लावून घेतला, भिंतींना दोन हात, खाली फरशीही चुन्याचं पाणी टाकून धुऊन घेतली. सोमवारी बायकांना बघायला बोलावलं. सगळ्यांच्या पुढे रीळखात्याची नायकीण होती, म्हणजे बायकांवरची मुकादमीण. पन्नाशीची, आडव्या हाडाची, खात्यात तिचा शब्द मॅनेजरच्या वर. ती उंबऱ्यापर्यंत आली. तिने वास घेतला. पदर नाकाला लावला आणि मागे फिरली. तिच्यामागे सगळ्या.

चुन्याने काय झालं ते मला नंतर दवाखान्यातल्या म्हाताऱ्या कंपाउंडरने सांगितलं. मानमोडीच्या साली, म्हणजे ती तापाची साथ आली होती त्या साली, गावात जागा पुरेना तेव्हा गिरणीने हे गोदाम रिकामं करून दिलं होतं. आजारी कामगार आणून तिथे टाकत. मेले की चुना टाकत, गाडी येईपर्यंत. गोदामाला कित्येक महिने तो वास होता.

मानमोडी आम्ही धुळ्यातही पाहिली होती. आमच्या आळीत घरोघर निंबाच्या पाल्याची धुरी देत. ओला पाला जळण्याचा वास आला की अजूनही मला तिथून निघून जावंसं वाटतं. चुन्याचा वास मला फक्त दिवाळीचा वाटत होता. मी जी जागा स्वच्छ केली म्हणून समाधानी होते, ती त्या बायकांच्या नाकाला पुन्हा मानमोडीची झाली होती.

आवाजाचं म्हणाल तर तो मी एकदा ऐकला. चैत्रातली दुपार, भोंगा होऊन गेलेला, यंत्रं सुट्टीपुरती थांबलेली. मी एकटी आत पाळण्यांचे दोर तपासत होते. बारीक, एकसुरी, दमलेला आवाज. बाहेर जाऊन पाहिलं, छपरावर माणूस चढवून पाहिलं. मांजर नव्हतं, पारवा नव्हता. मी त्याबद्दल कोणाला काही बोलले नाही. 

त्याच आठवड्यात टाकीपाशी मला ती दिसली. रीळखात्यातलीच, चोवीस-पंचवीस वर्षांची, अमळनेरकडून आलेली, फार न बोलणारी. नवरा कापसाच्या जिनात कामाला. हंगाम संपला की त्याचं काम संपायचं, मग घर हिच्याच पगारावर. ती टाकीमागे चोळीचा पुढचा भाग पिळत होती. दुधाने भिजला होता.

"बाळ कुठाय?" मी विचारलं.

"घर शे. जपेल शे." निजलंय म्हणाली.

"या वेळेला? रडत नाही?"

"गोयी देस ना मी."

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. पाच महिन्यांचा मुलगा, हातात घेतला तर दोन महिन्यांचा वाटावा. डोळे उघडे होते आणि काही बघत नव्हते. मी दुसऱ्या दिवशी तिला आणि त्याला घेऊन डॉक्टरकडे गेले. डॉक्टर फटकळ होता. "गोळी चालू ठेवली तर हा पावसाळा बघणार नाही," म्हणाला. "एकदम बंद केली तरी कठीण. हळूहळू तोडायची, आणि आईने दिवसातून दोनदा अंगावर पाजायचं. म्हणजे पोर जवळ पाहिजे."

जवळ म्हणजे पाळणाघर. दुसरी जागा नव्हती. मी तिला बाहेर ओट्यावर बसवून समजावलं. ती मान खाली घालून ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "तठे नही, अक्का. तठे मनी माय शे."

मला कळेना. "तिथं आया मी नेमली आहे. तुझी आई कुठली तिथं?"

मग तिने सांगितलं. तिची आई याच गिरणीत, याच खात्यात होती. मानमोडीत तिला ताप भरला, घरी दुसरं कोणी नव्हतं, अंगावरच्या पोरीसकट तिला गोदामात आणून टाकलं. रात्रीत ती गेली. पोर तिच्या कुशीत राहिली. दिवसभर रडत होती, आत जायला कोणी तयार नव्हतं. सांजेला गाडीवाला मढी उचलायला आला, त्याने पोर वेगळी काढली आणि विचारपूस करत मावशीच्या हवाली केली. मावशीने अमळनेरला नेऊन वाढवली. मावशीनेच हे सगळं सांगितलेलं.

"तिनी घागर कोनी भरी नही," ती म्हणाली. "ती वाट देखत व्हई. माले सोडी गई, याले लई जाई."

खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, घरातल्या मेलेल्या माणसांच्या नावाने मातीची घागर भरून ठेवतात. तहानलेला जीव त्या दिवशी येतो म्हणतात. त्याच दिवशी सासरच्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. हिला घागर भरणारे भाऊ-बाप नव्हते आणि झोका बांधायला माहेर नव्हतं. असं काही ऐकल्यावर दुसऱ्या एखादीने तिला जवळ घेतलं असतं. मी तिला म्हणाले की उद्यापासून गोळीचा तुकडा अर्धा कर, बाकीचं बघू.

बाकीचं म्हणजे नायकीण. ती बोलल्याशिवाय खात्यातली एकही बाई उंबरा ओलांडणार नव्हती, आणि ती हिला दुपारी घरी जायला सोडणारही नव्हती. म्हणून मी दुसऱ्या दिवशी टाकीपाशी सगळ्यांसमोरच विषय काढला. हिच्या पोराला पाळणाघरात ठेवायचं म्हणते, पाजायला दोनदा सुट्टी द्या.

नायकीण भाकरी मोडत होती. "सुट्टी? रिळं काय तुमची आया भरणार, बाई?"

बायका हसल्या.

"पोर मरायला टेकलंय," मी म्हणाले.

"मग तिथंच न्या की. सोबत आहे तिथं. एक पोर मानमोडीपासून रडतंय, अजून गप्प व्हायचं नाव नाही. दोघं मिळून रडतील." आणि मग तिच्याकडे वळून, "काय गं अमळनेरवाली, ठेवतेस का त्याच्या शेजारी?"

ती पाण्याचा तांब्या हातात धरून उभी होती. मान वर न करता म्हणाली, "ती रडणारी पोर मीच शे, नायकीणबाई."

कोणीतरी हसायला लागलं आणि थांबलं.

"काय बोलतेस?"

"मनी माय तठे मरनी. मी तिना कुशीम्हा व्हतू. गाडीवालानी काढं माले."

नायकिणीने हातातला घास खाली ठेवला. "संध्याकाळी?"

"सांजले."

"म्हणजे रडणं थांबलं ते..." नायकीण बोलायची थांबली. भाकरी तशीच फडक्यात गुंडाळली आणि भोंग्याच्या आधीच खात्यात निघून गेली. त्या दुपारी ती कोणावर ओरडली नाही, असं बायका नंतर मला मुद्दाम येऊन सांगत होत्या, जणू आजार झाल्याची बातमी द्यावी.

पाळी सुटल्याच्या भोंग्यानंतर ती माझ्या टेबलापाशी आली. एवढ्या दिवसांत गरजेने आलेली ती पहिलीच. बसली नाही. टेबलाची कड धरून उभी राहिली.

"हिची आई माझ्या शेजारच्या रिळांवर होती," म्हणाली. "दोघी एकाच महिन्यात लागलो होतो. मला समजलं तिला तिथं टाकलंय, म्हणून मी पाणी घेऊन गेले. भरलेली घागर होती डोक्यावर. दारात गेले. तो चुन्याचा वास. आत पोर रडत होतं. बाई, मी दारात उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. पाय उचलला नाही. घागर तशीच घेऊन परत गेले. संध्याकाळी पुन्हा आले तर आवाज नव्हता. गाडी गेलेली. मी म्हटलं, गेलं."

"आणि तेव्हापासून ऐकू येतं?"

"दुपारचं," ती म्हणाली. "यंत्रं थांबली की. मी सांगितलं, मग दुसऱ्यांनाही यायला लागलं." मग म्हणाली, "जिवंत होती तर मग मला कोण ऐकू येतं?"

मी तिला खोटं सांगितलं नाही. मला माहीत नाही म्हणाले. मीही ऐकलंय, हेही सांगितलं. आमच्या कामात ऐकून घेण्याला फार महत्त्व आहे म्हणतात. त्या दिवशी ऐकून झाल्यावर मात्र मी लगेच कामाचं बोलले. "आखाजी आठ दिवसांवर आहे. तुम्ही ती घागर आत नेणार का?"

 "गोदामात?"

"गोदामातच. परत घेऊन गेलात ती तिथूनच ना?"

मॅनेजरसाहेब बाहेरचे, त्यांना आखाजी म्हणजे कामगार न येण्याचा दिवस एवढंच माहीत. "बाई, मी तुमच्याकडे पाळणाघर मागितलं होतं. तुम्ही श्राद्ध घालायला निघालात."

"साहेब, पाळणे रिकामे आहेत. घागर मातीची आहे, गिरणीचं काही जात नाही. चौकीदाराने फाटक उघडायचं एवढंच."

"आणि तरी पाळणे रिकामेच राहिले तर?"

"तर मला काढा आणि तिथं कापूस भरा."

ते हसले, पण हो म्हणाले.

आखाजीला गिरणी बंद. एवढं मोठं आवार इतकं निःशब्द मी पहिल्यांदाच पाहिलं. ऊन पांढरं झालेलं, निंबाखाली वाळलेली पानं, कुठे चक्राचा आवाज नाही. चौकीदाराने फाटक उघडलं. ती मुलाला घेऊन आली होती. तो शांत होता, अर्ध्या गोळीचा. नायकीण आली ती डोक्यावर नवी घागर घेऊन, हातात आंबे, एक डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोऱ्यांची पुडी. मला वाटलं होतं कोणी येणार नाही, पण रीळखात्यातल्या काही बायका निंबाच्या सावलीत येऊन थांबल्या होत्या. आत यायला नव्हे. बघायला.

उंबऱ्याशी नायकीण थांबली. चुन्याचा वास अजून गेला नव्हता. घागरीतलं पाणी तिच्या कपाळावरून ओघळत होतं. मी आत होते, हात पुढे करू शकत होते, केला नाही. ते माझं काम नव्हतं. ती पोर, आता बाई झालेली, तिच्या मागे मुलाला घेऊन उभी होती. 

मग नायकिणीने पाय आत टाकला. सरळ चालत मागच्या कोपऱ्यात गेली. कुठला कोपरा ते तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नाही. घागर ठेवली, वर डांगर, आंबे, सांजोऱ्या मांडल्या. अमळनेरवालीने हळदकुंकू वाहिलं. आईचं नाव घेताना तिचा आवाज फुटेना, तेव्हा ते नाव नायकिणीने घेतलं. मोठ्याने, खात्यात हाक मारावी तसं.

झालं एवढंच. नवी घागर पाझरते, दुसऱ्या दिवशी पाणी चार बोटं खाली गेलं होतं. बायकांनी ते एकमेकींना दाखवलं.  नवी माती पाणी पिते हे त्यांनाही माहीत आहे.

त्याच दिवशी ती मुलाला घेऊन आली आणि मधल्या पाळण्यात ठेवून गेली. डॉक्टरने गोळी चतकोरावर आणली, मग नखाएवढी, मग बंद. गोळी सुटायला लागली तसं ते पोर जागं झालं आणि रडायला लागलं. असं रडणं मी सुईणपणातही ऐकलं नव्हतं. अंग ताठ करून, निळं होऊन. आया म्हणायची, एवढीशी चाटवू का बाई, कोणाला कळणार नाही. मी तिला सांगितलं की चाटवलीस तर उद्या तुझी जागा रिकामी. आई दोनदा पाजायला यायची, रडत परत जायची. नायकीण सुट्टी द्यायची आणि स्वतः भोंगा झाला की येऊन दारात उभी राहायची. पहिल्या दिवशी उंबऱ्याबाहेर. मग उंबऱ्यावर. ऐकत उभी राहायची. मी तिला एकदा म्हणाले, बसा. तर म्हणाली, "रडतंय ना? मग ठीक आहे."

एका दुपारी ते थांबलं.

यंत्रं सुट्टीपुरती थांबलेली होती, म्हणून ती शांतता जास्तच झाली. मी खिडकीपाशी बाटल्या उकळत होते.  आवाज बंद झाला की सुईण आधी वाईटच धरते. मी वळेपर्यंत नायकीण दारातून आत आली होती, धावत, त्या वयात, पदर सुटलेला. पाळण्यात हात घातला आणि मुलाला उचलून छातीशी घेतलं.

मुलगा दचकून जागा झाला. घामाने डवरलेला, ओठांच्या कडेला दूध. झोपलेला होता. जन्मल्यापासून पहिल्यांदा आपल्या झोपेने झोपलेला. आणि आता पुन्हा गळा काढून ओरडायला लागला.

आई तेवढ्यात पाजायला आली. तिने बघितलं आणि भडकली. इतके दिवस तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता, आणि तोही नायकिणीवर. "जपेल पोऱ्याले उठाडी दिना! आते कोन जपाडी त्याले?"

खात्यात एवढं बोलणारीचं काम त्याच दिवशी गेलं असतं.  आई हात पुढे करून उभी राहिली, तरी नायकीण तिला पोर देईना. "रडू दे," म्हणाली. "थोडं रडू दे गं." आणि त्याला घेऊन कोपऱ्यापर्यंत जात होती, परत येत होती.

मुलगा वाचला. पावसाळा त्याने पाहिला आणि ओसरीत पागोळ्यांखाली हात धरून आयाच्या शिव्याही खाल्ल्या. दिवाळीपर्यंत पाळणे भरले, आणखी कड्या माराव्या लागल्या. मॅनेजरसाहेब पाहुण्यांना पाळणाघर दाखवायला आणू लागले. कोपऱ्यातली घागर कसली असं पाहुणे विचारत, तेव्हा ते पिण्याचं पाणी म्हणून सांगत. दर आखाजीला ती बदलली जाते. नायकीण काम सोडून गावी गेल्यावर आता ती अमळनेरवाली घागर बदलते.

दुपारच्या आवाजाबद्दल मला अजून कोणी कोणी विचारतं, तो बंद झाला का म्हणून. मला सांगता येत नाही. आता तिथे इतकी पोरं रडतात की त्यात एखादं जास्तीचं असलं तरी कळायचं नाही.